रिकाम्या मुठीची हाक

आता तुम्ही सावरून बसले असान. वाघाची गोष्ट आहे, तेबी बाहेरदेशातल्या वाघाची. म्हणजे पहिल्याच पानावर डरकाळी, दुसऱ्यावर मी झाडावर, अन् तिसऱ्यावर वाघ माह्या मांडीवर डोकं ठेवून घोरून राहिला. काढा बाप्पा ते डोक्यातून. दक्षिण आफ्रिकेत वाघ-सिंहायच्या एका आश्रमात मी सहा हप्ते राहिलो, अन् त्यातल्या एकालेबी माहं बोट लागलं नाही. लागलं ते त्यायच्या गुवाले, तेबी फावड्याच्या टोकानं. झाडावर मी एकदा चढलो, खरं आहे. एका पाखरानं माहा टॉवेल नेला होता.

डरकाळीचं म्हणान तं सहा हप्त्यात सगळ्यात मोठा आवाज मीच काढला. अन् तोच नडला.

माहा धंदाच आवाजाचा आहे. शिकलो उमरेडच्या शाळेत, अन् शिकलो काय तं हेडमास्तरचा घसा. एक दिवस सातव्या वर्गाच्या खिडकीखाली उभं राहून मी त्यायच्या आवाजात 'सातवी ब, सुट्टी!' म्हणलं, तं सारा वर्ग दप्तरं घेऊन फाटकापर्यंत पोचला. फाटकात हेडमास्तर स्वतः उभे. त्या दिवशी मले कळालं का आपल्या घशात काही तरी आहे. हेडमास्तरले कळालं का आपल्या छडीतबी आहे.

आता मी नागपूरले खोली घेऊन राहतो. प्राण्यायसाठी काम करणारी एक लहानशी संस्था आहे, तिच्याकडून शाळाशाळाइत जातो. वाघ, बिबट, अस्वल, घाबरलेलं हरीण, सारे आवाज काढतो. पोरं हसतात, अन् त्यायचं हसणं संपलं का संस्थेची ताई त्यायले सांगते का जंगलात गेल्यावर काय करू नये. त्याच संस्थेनं मले पाठवलं. म्हणे, सर्कशीतून अन् श्रीमंतायच्या बंगल्यातून सोडवलेले वाघ तिथी इमानदारीनं सांभाळतात. कसे सांभाळतात ते पाहून ये अन् इथल्या पोरायले सांग.

चहाच्या टपरीवर ही बातमी सांगितली तं आमचे पोट्टे हसून हसून खाली पडाचे बाकी.

'अबे, उमरेडचा माणूस वाघ पाहाले इमानात बसून चाल्ला! तुह्या गावच्या जंगलातले काय संपावर गेले का बे?'

माय उमरेडले राहते, तिले फोन केला. ते म्हणे, 'जा बापू, पण वाघाच्या जवळ नको जाऊ.'

म्हणलं, 'माय, वाघाच्याच जवळ जाऊन राहिलो नं वं.'

तिथी पोचलो. आश्रमाच्या मुख्य बाईले सारे मॅडम म्हणत. पन्नाशीच्या, उन्हानं भाजलेल्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी जोडे. पहिल्याच दिवशी त्यायनं आम्हा नव्या सेवकायले उभं केलं. सेवक म्हणजे दोनच, मी अन् जर्मनीची एक कॉलेजातली पोरगी. मॅडम इंग्रजीत बोलल्या, मी आपल्या भाषेत सांगतो. 'हात लावायचा नाही. हाक मारायची नाही. जवळ बोलवायचं नाही. माणसाची करमणूक करता करता यांचं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं यांचं.'

मले वाटलं, झालं भाषण, आता चहा येईन. चहा नाही आला, फावडं आलं.

सकाळी गू उचला. मंग पाण्याचे हौद घासा. मंग मांसाचे ठोकळे कापा. कोणत्या जनावराचं मांस होतं ते मायले मी आजवर सांगितलं नाही अन् तुम्हीबी नका सांगजो. दुपारी कुंपणाच्या बाहेर एका स्टुलावर बसा अन् दर पाच मिनिटाले कागदावर लिहा का वाघीण काय करून राहिली. माहा पहिल्या दिवसाचा कागद असा होता: झोपली. झोपली. झोपली. कूस बदलली. झोपली. डोस्कं खराब झालं. चवथ्या दिवशी मी 'कंटाळली' लिहलं. मॅडमनं लाल पेनानं ते खोडलं अन् बाजूले लिहलं, 'ती नाही. तू.'

सांगा आता. इतक्या दूर गेलो, अन् वाघ दिसे कसा, तं गवतात दोन कान. कधी कधी एकच कान. गाडी नाही, पर्यटक नाही, कोणी त्यायले उठवत नाही. त्यायचं मन झालं तं दिसतीन, नाही तं नाही. मी नकला करणारा माणूस, मले समोर कोणी तरी पाहिजे. तिथी समोर गवत.

अन् इकडं नागपूरचे पोट्टे मोबाइलवर पिच्छा सोडेनात.

'सेल्फी कुठी आहे बे?'

'दोन हप्ते झाले, वाघ नाही तं मांजरीसंगचा तरी टाक.'

'खरं सांग गा, तू तिथी चौकीदारी करून राहिला नं?'

एकानं तं वाघाच्या अंगावर माहं मुंडकं चिकटवून फोटो बनवला. खाली लिहलं, 'आमचा मित्र, पोट भरलेलं आहे, भिऊ नये.' चांगला बनवला होता हरामखोरानं. म्हणूनच जास्त लागलं.

आता म्हातारीचं सांगतो, कारण सारी गोष्ट तिचीच आहे. म्हातारी म्हणजे एक वाघीण. सर्कशीतून आणलेली. तिथल्या पिंजऱ्यात नीट वळताबी येत नसे, त्यानं तिचा मागचा एक पाय कामातून गेला होता, वढत चाले. गज चावून चावून वरचा एक सुळा तुटला होता, अन् त्या तुटक्या सुळ्याच्या मुळात आता पू झाला होता. तो काढणं गरजेचं होतं. त्यासाठी तिले झोपवा लागे, अन् झोपवाले इंजेक्शन.

बंदुकीतून सुई मारता येते. पण सर्कशीतून सोडवताना तशीच मारली होती, तं म्हातारीनं कितीक दिवस अन्न सोडलं होतं, माणूस दिसला का थरथर कापे. आता तं वयबी झालेलं. म्हणून मॅडमनं तिले शिकवलं होतं. मोठ्या कुंपणाले लागून एक लहान पिंजरा होता. मॅडम हाक मारत, म्हातारी पिंजऱ्यात येऊन गजाले कूस लावून बसे, मॅडम गजातून आधी नुसती काडी टोचत, मंग बिनऔषधाची सुई टोचत, अन् दर टोचण्याले मांस. कोणी बांधलं नाही, धरलं नाही. स्वतःच्या पायानं येऊन सुई टोचून घेणारी वाघीण! हे शिकवाले मॅडमले दीड वर्ष लागलं.

याचा एकच कायदा होता. हाक मारली का मांस. रिकामी हाक कधीच नाही. एकदा मॅडमचा घसा बसला, तं त्या दिवशी हाकच नाही, मांस दुरून ठेवलं. जर्मन पोरगीनं विचारलंबी, 'तुमची हाक रेकॉर्ड करून ठेवली तं?'

मॅडम म्हणे, 'मशीनला काय माहीत, बादली भरलेली आहे का रिकामी.'

ते हाक कशी होती सांगू? जिभेनं दोनदा टॉक्, टॉक्. अन् मंग 'कमॉऽऽन, ओल्ड गर्ल', म्हणजे 'ये वं म्हातारे'. 'गर्ल'च्या शेवटी आवाज थोडासा फाटे, आमच्या उमरेडच्या खाणीचा भोंगा बंद होताना फाटते तसा. तो फाटका तुकडा कोणाले जमला नसता. मले तिसऱ्याच दिवशी जमला, आंघोळीच्या खोलीत.

गुरुवारी डॉक्टर येणार होते. दूरच्या शहरातून, सारं सामान घेऊन. मंगळवारी मॅडम औषधं आणाले गावात गेल्या. मी अन् जर्मन पोरगी कुंपणाजवळचं गवत काढून राहिलो होतो. तेवढ्यात तो मुंडकं चिकटवलेला फोटो आला. मले आला राग.

म्हणलं पोरगीले, 'माहा व्हिडिओ काढ. म्हातारीले पिंजऱ्यात आणून दाखवतो.'

'हाक मारायची नाही, असं सांगितलं आहे.'

'मी कुठी हाक मारून राहिलो? मी नक्कल करून राहिलो.'

तिनं माह्याकडं असं पाहिलं जसं मी गुवाची गाडी तिच्या पायावर सांडली. हातगाडी उचलली अन् चालली गेली. मी एक रिकामी बादली उलटी केली, त्यावर मोबाइल टेकवला, अन् पिंजऱ्याच्या बाजूले, मॅडम उभ्या राहत तिथीच उभा राहिलो.

टॉक्, टॉक्. कमॉऽऽन, ओल्ड गर्ल.

गवत हाललं. बाप्पा, खरंच हाललं! भर उन्हात, त्या टोकाहून म्हातारी निघाली. पाय वढत, सावकाश. पिंजऱ्यात आली. गजाले कूस लावली, शिकवली होती तशीच. अन् मान वळवून पाहू लागली. माह्या अंगावर काटा आला. हजार माणसाच्या टाळ्यायनं जे नाही झालं ते त्या एका कुशीनं झालं.

मोबाइल पाहिला, तं रेकॉर्डिंगचं बटणच दबलं नव्हतं.

म्हातारी बसली थोडा वेळ. मंग उठली अन् गेली. मी बटण दाबलं अन् पुन्हा हाक मारली. पुन्हा आली. या वेळी मधात खांब आला, वाघीण अर्धीच दिसे. मोबाइल सरकवला. तिसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदाबी आली, उशिरानं, अन् कूस लावली. सगळं छान आलं. मी, हाक, वाघीण. म्हणलं एक अजून, जरा जवळून. चवथ्यांदा हाक मारली, तं म्हातारी गवतातच उभी राहिली. पिंजऱ्याकडं नाही, माह्याकडं पाहत.

'रुसली वं म्हातारी?' म्हणून मी हसलो अन् व्हिडिओ धाडला. पोट्ट्यायनं इतके हसरे तोंडं पाठवले का मोबाइल थरथरत राहिला. मी खूष. गुरुवारचं तं डोक्यातच नव्हतं.

गुरुवार आला. डॉक्टर आले, त्यायचा मदतनीस आला, टेबल मांडलं, दिवे लावले. मॅडम भरलेली बादली घेऊन पिंजऱ्याजवळ गेल्या. त्या दिवशी मांस निवडून काढलेलं होतं. सुईत औषध होतं.

टॉक्, टॉक्. कमॉऽऽन, ओल्ड गर्ल.

म्हातारी आम्हाले दिसत होती. कान इकडं वळले. बस, तेवढंच. उठली नाही.

दहा मिनिटं थांबून मॅडमनं पुन्हा हाक मारली. मंग पुन्हा. मांसाचा तुकडा पिंजऱ्यात फेकला. म्हातारीनं डोळे मिटले. तास गेला, दुसरा गेला. डॉक्टर हळूच म्हणाले, 'बंदूक गाडीत आहे.' मॅडमनं मान हालवली, नाही. डॉक्टरले दुसरीकडंबी जायचं होतं. म्हणाले, आता पंधरा दिवसानं येता येईन. टेबल घडी करून गाडीत ठेवलं. दिवे ठेवले.

जर्मन पोरगी माह्याकडं पाहून राहिली होती.  तिनं विचारलं असतं तं मी खोटं बोललो असतो. मी मोबाइल काढला अन् मॅडमच्या हातात देल्ला.

मॅडमनं व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. मले म्हणे, 'कितीदा?'

म्हणलं, 'चार. तीनदा आली.'

'आवाज चांगला काढतोस,' म्हणे. मोबाइल परत देल्ला. मंग पाहणीच्या वहीत लिहलं, ते मी मागून वाचलं: 'हाक चारदा रिकामी गेली. पुन्हा पहिल्यापासून.' वही मिटली अन् बादली घेऊन चालल्या गेल्या.

एक शिवी नाही. ते मले सहन होईना. हेडमास्तर असते तं छडी मारली असती, हिसाब तिथीच मिटला असता अन् मी चड्डी चोळत त्यायचीच नक्कल केली असती. याची काय नक्कल करणार?

घरीबी नाही पाठवलं. म्हणे, उद्यापासून भरलेली बादली तू आणायची, पिंजऱ्यात तू ठेवायची, अन् कुंपणाजवळ असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. खोकलाबी दूर जाऊन. मॅडम दिवसातून एकदाच हाक मारत, अन् आम्ही दोघं निघून जात असू. पहिले तीन दिवस मांस तसंच राहिलं. चवथ्या दिवशी आम्ही गेल्यावर गायब. मंग ते दारापर्यंत आली, उंबरठ्यावरचा तुकडा उचलला अन् मागं सरली. मले दूरच्या स्टुलावर बसून लिहाचं होतं: डाव्या बाजूनं चावली. तुकडा पडला. उचलला. पडला. सोडून देल्ला.

डॉक्टर येईपर्यंत मी हे लिहलं. या वेळी मॅडमनं काही खोडलं नाही.

मी मांस बारीक कापाले लागलो, अंगठ्याएवढे तुकडे, बिनचावता गिळता येतीन असे. कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या सुऱ्यानं ते होईना, बोटं कापली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर एक लहान सुरी ठेवलेली होती. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही.

डॉक्टर दुसऱ्यांदा आले तो माहा तिथला शेवटचा दिवस होता. मॅडमनं मले स्वयंपाकघरातच थांबाले सांगितलं. म्हणे, 'तू दिसलास तर ती विचार करेल.' मी बादल्या घासत राहिलो. दुरून हाक आली, एकदाच. मंग काही नाही. सगळ्या बादल्या झाल्या तं मी घासलेल्याच पुन्हा घासल्या. बऱ्याच वेळानं मॅडम आल्या, हात धुतले.

'झालं,' म्हणे.

मले वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतीन. मॅडम म्हणे, 'चहा आहे का?'

नागपूरले आलो. दुसऱ्याच दिवशी माय उमरेडहून एसटीनं खोलीवर आली, डबा घेऊन. पोट्टेबी जमले. माय दाराजवळ बसून मेथी निवडून राहिली, अन् पोट्टे म्हणे, 'चाल बे, ते म्हातारीची नक्कल दाखव.'

पहा, मी काय माणूस आहे. मी दाखवली. खरं सांगतो, माह्या जिभेले ते थांबवता येत नाही. टॉक्, टॉक् केलं, हाक मारली, मंग म्हातारी होऊन पाय वढत खोलीभर फिरलो, पलंगाले कूस लावली, मान वळवून पाहिलं. 'अन् बटणच नाही दबलं!' पोट्टे लोळाले लागले. 'तं दुसऱ्यांदा बोलवली! तेबी आली! तिसऱ्यांदाबी आली, लंगडत!'

मायचे हात थांबले.

'मंग?' माय म्हणे. 'खाले काय देलं तिले?'

मी पलंगापासून सरकलो. 

'बोल नं. तीनडाव आली म्हणतं. काय देलं?'

'काही नाही वं माय.'

मंग सारं सांगा लागलं. चिकटवलेला फोटो, गुरुवार, डॉक्टर, सुळा, पंधरा दिवस, मॅडमनं शिवी नाही देल्ली तेबी. माय ऐकत राहिली, मेथीची काडी हातात तशीच. माहं संपलं तवा तिनं काडी खाली ठेवली.

'भैताडा! गायीच्या कोठ्यात लहानाचा मोठा झाला तू. मुठीत सरकीची ढेप असल्याबिगर मी गायीले कधी हाक मारली का? मूठ रिकामी असली तं आपण चालत जा लागते जनावरापाशी, त्याले नाई बोलवत. हे तुले इमानात बसून शिका लागते?'

एक पोट्टा मधात बोलला, 'जाऊ द्या नं काकू, वाघ होता, गाय थोडीच होती.'

'तू चूप रे! फोटोत मुंडकं चिकटवणारा तूच नं? जनावराले काय माहीत ते गाय हाय का वाघ हाय. त्याले हाक माहीत.' मंग माह्याकडं वळली. 'माही दाढ दुखली तवा मी आठ दिवस पेज पेली. तवा तू रडे माह्याजवळ बसून. अन् तिची दाढ तुह्या फोनपाई पंधरा दिवस सडली, अन् तू इथी तिच्यासारखा लंगडून दाखवतं या रिकामटेकड्यायले? लाज नाई वाटत लंगडाले?'

'वाटते वं.'

'वाटते तं मंग लंगडला काहून?'

मी पाय आखडून घेतले. 

'अन् त्या बाईनं तुले शिव्या नाई देल्या म्हून तोंड पाडून बसला? तिले वाघीण सांभाळाची होती, तुले कायले सांभाळते? शिव्या द्याले तुही माय हाय नं जिती! सोमवारी शाळेत जाशीन तवा वाघाचा आवाज काढाच्या आंदी पोरायले हे सांगजो. सारं सांगजो, चारडाव हाक मारली तेबी. हसवू नको, सांगजो. नाई सांगितलं तं मी एसटीनं येईन, तुह्या बाजूले उभी राहीन अन् मी सांगीन. घे, मेथी निवड आता. अन् तोंडातून आवाज निघाला तं पाहजो.'